साठ बाइटांच्या आत : नेटवर्क चिपचा दोष आणि कर्नलमधला उपाय, कुंडईतील एका शीतगृहाचे प्रकरण

प्रकरणाची पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीत गोठवलेल्या मासळीचे एक शीतगृह आहे. त्याच्या प्रत्येक खोलीत तापमान नियंत्रक बसवलेला असून हे सारे नियंत्रक एका लहान लिनक्स गेटवेला (माहिती गोळा करणाऱ्या संगणकाला) ईथरनेटने जोडलेले आहेत. गेटवे ठरावीक अंतराने प्रत्येक नियंत्रकाला यूडीपीने, म्हणजे पोच न मागणाऱ्या साध्या पद्धतीने, १४ बाइटांची विचारणा पाठवतो, नियंत्रक खोलीचे तापमान आणि दाराची स्थिती कळवतो, आणि त्या उत्तरांतून आलेख तयार होतो. गोठवलेली मासळी उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड ठेवावी लागते, आणि माल निर्यातीचा असेल तर तेवढी थंडी सलग राखली होती हे कागदावर दाखवावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्यामुळे त्या दिवसांत ताजी आवक जवळजवळ थांबते आणि जे आत आहे तेच सांभाळायचे असते. नोंदीत खंड पडणे या काळात सर्वांत महागात जाते, आणि खंड नेमके याच काळात पडू लागले.

गेटवे पुरवण्याचे काम फोंड्यातील आमच्या लहानशा गटाकडे होते. बाजारात तयार मिळणारा पंखाविरहित औद्योगिक संगणक घ्यायचा आणि त्यावर आपली लिनक्स प्रतिमा चढवायची, अशी आमची पद्धत. पावसाळ्याआधी जुना गेटवे काढून त्याच मॉडेल क्रमांकाचा, पण नव्या खेपेतला गेटवे बसवला. संगणकाच्या आणि त्यातील नेटवर्क चिपच्या उत्पादकाचे नाव या लेखात घेतलेले नाही. चिप गिगाबिट जातीची, स्वस्त आणि सर्वत्र आढळणारी आहे, एवढे पुरे.

तक्रार देखभाल अभियंत्यांनी नेमक्या शब्दांत मांडली : “भाऊ, पिंग केला की प्रत्येक नियंत्रक लगेच उत्तर देतो, मग आलेखातच भोके का पडतात?” पिंग म्हणजे समोरचे यंत्र जागे आहे का हे विचारणारे छोटे पॅकेट. या प्रश्नात निम्मे निदान होते, पण त्या वेळी तो कोणालाच तसा दिसला नाही. दुसरी तक्रार लेखा विभागाची होती. तेथील विंडोज संगणकावरून साठ्याची फाइल गेटवेवर चढवताना ती मध्येच रेंगाळत असे, कधी कधी काही सेकंद जागची हलत नसे. तीच फाइल आमच्या लिनक्स लॅपटॉपवरून विनासायास चढत असे. पहिल्या तक्रारीशी या दुसरीचा संबंध असेल, असे आरंभी कोणी धरले नाही. विंडोजवर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे होते.

जे दोषी नव्हते

गोव्यात पावसाळ्यात जाळ्याची काहीही तक्रार आली की पहिला संशय तारांवर जातो, आणि तो अनाठायी नसतो. दमट, खारट हवेत जोडण्यांच्या पितळी-सोनेरी पट्ट्या हिरवट पडतात, आणि वीज वारंवार गेली-आली की स्विचचे स्वस्त अडॅप्टर मान टाकतात. त्यामुळे तारा बदलल्या, जोडण्या नव्याने बसवल्या, गेटवे दुसऱ्या पोर्टवर लावून पाहिला. काही फरक पडला नाही. खरे तर एवढे करण्याआधी स्विचवरचा एक आकडा पाहिला असता तरी चालले असते. प्रत्येक ईथरनेट फ्रेमच्या, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याच्या, शेवटी ४ बाइटांची तपासणी-संख्या असते. तारेत काही बिघडले तर ती जुळत नाही, स्विच फ्रेम टाकून देतो आणि त्याची मोजणी वाढते. येथे ती मोजणी शून्यावरच स्थिर होती. तार, जोडणी आणि स्विच यांची त्यामुळे निर्दोष मुक्तता झाली.

याचा अर्थ एवढाच की गेटवेच्या चिपमधून जी फ्रेम बाहेर पडली ती जशीच्या तशी पोचली. बाहेर पडली तीच चुकीची असेल, तर मात्र फ्रेमच्या शेवटची तपासणी-संख्या काहीही सांगू शकत नाही, कारण ती संख्या चिपच सर्वांत शेवटी, जे काही हाती आहे त्यावर काढते. आतील मजकूर आधीच बिघडलेला असेल तर त्या बिघडलेल्या मजकुरावर अगदी बिनचूक शिक्का बसतो.

पिंगचेही तसेच. पिंगच्या आयसीएमपी पॅकेटाचा चेकसम, म्हणजे मजकूर धड पोचला का हे पाहण्यासाठी सोबत पाठवलेली बेरीज, लिनक्सवर सॉफ्टवेअरमध्येच निघतो. यूडीपी आणि टीसीपी (पोच घेत मजकूर पाठवणारी पद्धत) यांचा चेकसम मात्र चिपची तशी क्षमता असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिच्यावर सोपवतो. याला ऑफलोड म्हणतात. एआरपीला, म्हणजे यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारणाऱ्या संदेशांना, चेकसमच नसतो. म्हणजे निदानासाठी सगळे जण ज्या दोन गोष्टींकडे आधी पाहतात, त्या दोन्ही चिपच्या संशयित भागाला स्पर्श न करता पार होतात. पिंग चालतो म्हणून जाळे धड आहे, हा समज इतका खोल रुजलेला आहे की प्रशिक्षित माणसेही त्याच्यापुढे नमतात.

तिसरा फसवा साक्षीदार म्हणजे गेटवेवरच चालवलेला टीसीपीडंप हा पॅकेटे दाखवणारा प्रोग्राम. त्यात बाहेर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक यूडीपी पॅकेटापुढे ‘चेकसम चुकीचा’ असा शेरा येत होता, आणि गटातील एका तरुण सहकाऱ्याने तो मोठ्या उत्साहाने दाखवला. पण ऑफलोड चालू असताना हा शेरा निरोगी यंत्रावरही येतो. टीसीपीडंप पॅकेट पाहतो ते चिपकडे जाण्यापूर्वी, आणि तोवर चेकसमच्या जागेत फक्त छद्मशीर्षाची (पत्ते, प्रोटोकॉल आणि लांबी यांची) अर्धवट बेरीज भरलेली असते. उरलेले काम चिपने करायचे असते. खरे काय गेले हे पाहायचे तर पलीकडच्या टोकाला किंवा स्विचच्या मिरर पोर्टवर पाहावे लागते.

मिरर पोर्टवर काय दिसले

नियंत्रकाच्या तारेची प्रत मिरर पोर्टवर घेऊन लॅपटॉपवर फ्रेम पकडल्या. गेटवेकडून निघालेल्या विचारणांपैकी काहींचा यूडीपी चेकसम बरोबर होता, काहींचा चूक. चूक चेकसमच्या विचारणा नियंत्रकाने मुकाट टाकून दिल्या होत्या, आणि तसे करणे त्याचे कर्तव्यच आहे. आलेखातील भोके त्या क्षणांशी जुळत होती. नियंत्रकात मोजणीची सोय नसल्यामुळे खात्रीसाठी त्याच्या जागी लिनक्स लॅपटॉप ठेवला, तेव्हा त्यावरची यूडीपी चेकसम-चुकांची मोजणी डोळ्यांदेखत वाढू लागली.

आता प्रश्न उरला तो ‘काही बरोबर, काही चूक’ यातल्या ‘काही’चा. येथे विंडोजची तक्रार उपयोगी पडली. टीसीपीची नुसती पोच, म्हणजे मजकूर नसलेले ॲक पॅकेट, किती मोठे असते? ईथरनेटचे शीर्ष १४ बाइट, आयपीचे २०, टीसीपीचे २० : एकूण ५४. लिनक्स आपल्या टीसीपी जोडणीत वेळमुद्रेचा पर्याय मागतो, आणि तो मान्य झाला की प्रत्येक पॅकेटात आणखी १२ बाइट येतात. पोच ६६ बाइटांची होते. विंडोज सहसा हा पर्याय स्वतःहून मागत नाही, म्हणून विंडोजने सुरू केलेल्या जोडणीत गेटवेची पोच ५४ बाइटांचीच राहते. ईथरनेटवर शेवटची तपासणी-संख्या वगळून फ्रेम किमान ६० बाइटांची असावी लागते, आणि त्याहून लहान पॅकेटाला चिप शेवटी पॅडिंग, म्हणजे भरतीचे बाइट, जोडून ६० पर्यंत नेते. आमची १४ बाइटांची विचारणा शीर्षांसकट ५६ बाइटांची होते. लिनक्स लॅपटॉपची पोच ६० च्या वर, विंडोजला जाणारी पोच आणि नियंत्रकाची विचारणा दोन्ही ६० च्या आत. दोन तक्रारी येथे एकाच दोरीत ओवल्या गेल्या.

विंडोजची जोडणी तुटत का नव्हती, हेही यातून उलगडले. जोडणी उभी करणारी पहिली पॅकेटे पर्यायांमुळे ६० बाइटांपेक्षा मोठी असतात, त्यामुळे जोडणी बिनबोभाट होते. पुढे काही पोचा बिघडून गळाल्या तरी टीसीपीची पोच संचयी असते. मागाहून आलेली एक धड पोच आधीच्या साऱ्यांची भरपाई करते. म्हणून फाइल रखडत का होईना, पोचत असे. यूडीपीला असा सांभाळणारा कोणी नाही.

साठ बाइटांच्या सीमेची शंका तपासायला एक छोटी स्क्रिप्ट पुरली. शून्यापासून चाळीस बाइटांपर्यंतचा मजकूर असलेली यूडीपी पॅकेटे गेटवेवरून ओळीने सोडायची आणि पलीकडे चेकसम तपासायचा. १७ बाइटांपर्यंत चुका येत होत्या. १८ बाइटांपासून पुढे एकही नाही. १४ अधिक २० अधिक ८ म्हणजे ४२, आणि ४२ अधिक १८ म्हणजे बरोबर ६०. निदानाच्या कामात अशी धारदार कड क्वचित हाती लागते. ती लागली की तारा, वीज, उष्णता, स्विच या सगळ्या गूढ कारणांना निरोप देता येतो, कारण दमट हवेला सतरा आणि अठरा यांतला फरक कळत नाही.

बेरजेतला फरक

लहान पॅकेटांतलीही सगळीच बिघडत नव्हती, आणि हा भाग सुटल्याशिवाय उपाय लिहिणे धोक्याचे होते. त्यासाठी चुकीचा चेकसम नेमका कितीने चुकतो हे पाहिले. इंटरनेट चेकसम म्हणजे दोन-दोन बाइटांच्या संख्यांची एक-पूरक पद्धतीची (बाहेर गेलेला हातचा परत मिळवून केलेली) बेरीज आणि मग तिचा पूरक, म्हणजे प्रत्येक बिट उलटा. त्यामुळे बेरजेत काही जास्तीचे मिसळले तर चेकसम तेवढ्यानेच कमी होतो. पकडलेल्या एका विचारणेत चेकसम ४५९८५ असायला हवा होता, प्रत्यक्षात होता २२३४८. फरक २३६३७.

त्या विचारणेच्या लगेच आधी गेटवेने दुसऱ्या एका यंत्राला मजकूर-स्वरूपातली एक लांब नोंद पाठवली होती, आणि तिच्या ५७ ते ६० या स्थानांवर इंग्रजी ‘ओ’, ‘के’ ही दोन अक्षरे व त्यांमागे ओळ संपल्याच्या दोन खुणा होत्या. ‘ओ’ ७९, ‘के’ ७५ : दोन बाइटांची संख्या म्हणून २०२९९. ओळीच्या खुणा १३ आणि १० : संख्या ३३३८. दोन्हींची बेरीज २३६३७. अन्य पकडलेल्या जोड्यांमध्येही हिशेब असाच जुळत गेला. याचा सरळ अर्थ असा की चिपचा चेकसम-विभाग आयपी शीर्षातली लांबी न पाहता फ्रेमच्या साठाव्या बाइटापर्यंत बेरीज करतो, आणि ते करताना पॅडिंगच्या जागेत पूर्वीच्या फ्रेमचे जे उरलेले असते तेही मोजतो. आधीच्या फ्रेममध्ये त्या जागी शून्ये असली तर चेकसम योगायोगाने बरोबर येतो. भोके अनियमित का होती, याचे उत्तर शेजारून काय गेले यात होते.

येथे एक वेगळी आणि जास्त गंभीर शंका मनात येणे भाग होते. उरलेले बाइट बेरजेत येत असतील तर ते तारेवरही जात आहेत काय? २००३ मध्ये ‘एथरलीक’ या नावाने गाजलेल्या दोषात, ज्याची सुरक्षा-दोषांच्या यादीतली नोंद सीव्हीई-२००३-०००१ अशी आहे, अनेक ड्रायव्हर (चिप चालवणारे प्रोग्राम) लहान फ्रेम लांबवताना पॅडिंगमध्ये शून्ये भरत नव्हते आणि कर्नलच्या स्मृतीचे किंवा जुन्या पॅकेटांचे तुकडे जाळ्यावर सांडत होते. मिरर पोर्टवरच्या फ्रेम त्या दृष्टीने पुन्हा पाहिल्या. पॅडिंग शून्यांचेच होते. चिप तारेवर शून्ये पाठवत होती आणि बेरीज मात्र शिळ्या बाइटांची घेत होती. सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता, हे कळल्यावर कामाची निकड एका पायरीने उतरली.

गेटवेतून आरपार जाणारी पॅकेटे सुरक्षित होती, याचेही कारण येथे नोंदवले पाहिजे. दुसऱ्या यंत्राकडून आलेले पॅकेट पुढे धाडताना त्याचा चेकसम आधीच भरलेला असतो आणि चिपला तो काढायला सांगितला जात नाही. जे गेटवेवरच जन्मते, तेवढेच बिघडते.

दोष सिलिकॉनमध्ये की साच्यात

चिपचे प्रत्येक वैगुण्य सिलिकॉनमधलेच असते असे नाही. २०१३ मध्ये इंटेलच्या ८२५७४एल या नियंत्रकाबाबत एक विलक्षण प्रकार उघड झाला होता : पॅकेटातील एका ठरावीक स्थानी ठरावीक मूल्य आले की नेटवर्क कार्ड बंद पडत असे, आणि ते मूल्य इंटरनेट टेलिफोनच्या नेहमीच्या संदेशांत येऊ शकत होते. इंटेलच्या खुलाशानुसार त्याचे मूळ एका मदरबोर्ड-उत्पादकाने कार्डाच्या ईईप्रॉममध्ये (सेटिंग साठवणाऱ्या स्मृतीत) भरलेल्या चुकीच्या प्रतिमेत होते. म्हणून आम्ही जुन्या आणि नव्या खेपेतील कार्डांचे ईईप्रॉम ईथटूल या साधनाने वाचून समोरासमोर ठेवले. मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) सोडला तर अक्षर न् अक्षर सारखे. उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआयच्या ओळीत मात्र फरक होता : उत्पादक आणि उपकरण क्रमांक तेच, आवृत्ती-क्रमांक वेगळा. मॉडेल तेच, खोके तेच, आत चिपची नवी आवृत्ती. पुरवठादाराने याबद्दल काही कळवले नव्हते, आणि या धंद्यात तशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही.

तात्पुरता उपाय

पाठवण्याच्या दिशेचा चेकसम-ऑफलोड ईथटूलने बंद करताच भोके थांबली. तोच नियम यूडेव्हमध्ये, म्हणजे उपकरण सुरू होताना आपोआप लागू होणाऱ्या नियमांत, टाकून त्याच संध्याकाळी शीतगृहाचे काम सुरळीत केले. या उपायाची किंमत कागदावर दिसते तेवढी लहान नसते. चेकसम-ऑफलोड गेला की मोठ्या टीसीपी पॅकेटांचे तुकडे चिपने करण्याची सोय, म्हणजे टीएसओ, कर्नल आपोआप काढून घेतो, कारण तुकड्यांचे चेकसम काढायला कोणी उरत नाही. तरीही माझे मत स्पष्ट आहे : केवळ या शीतगृहाचा विचार केला असता तर काम येथेच संपवणे पूर्णपणे योग्य ठरले असते. गिगाबिटच्या मर्यादेत आणि एवढ्या वाहतुकीत आजच्या प्रोसेसरला हे ओझे जाणवतही नाही.

ॲप्लिकेशनमध्ये उपाय करण्याची एक सूचना आली होती. आयपीव्ही४ वर यूडीपीचा चेकसम ऐच्छिक असतो. जागेत शून्य ठेवले तर घेणारा तपासत नाही, आणि लिनक्समध्ये सॉकेटवर तसा पर्याय आहे. विचारणा लांबवणे शक्य नव्हते, कारण नियंत्रकाला अचूक १४ बाइटच लागतात. चेकसम वगळण्याची सूचना मात्र मी तत्काळ नाकारली. उणे १८ अंशांची नोंद करणाऱ्या व्यवस्थेतून मजकुराची एकमेव टोकापासून टोकापर्यंतची तपासणी काढून टाकणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणे होय. शिवाय टीसीपीच्या पोचा तशाच बिघडत राहिल्या असत्या.

कर्नलपर्यंत जाण्याचे कारण वेगळे होते. त्याच खेपेतले गेटवे वेर्ण्यात आणि म्हापशातही गेले होते, काहींवर ग्राहकांनी स्वतःची लिनक्स प्रतिमा चढवली होती, आणि यूडेव्हचा नियम ड्रायव्हरच्या नावावर चालत असल्यामुळे निर्दोष आवृत्तीच्या चिपांनाही तो शिक्षा करत होता. असा नियम वर्षभराने कोणी वाचला तर तो का आहे हे कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तो काढायला कोणी धजत नाही. चिपची आवृत्ती ज्याला ठाऊक असते तो ड्रायव्हर. दोषाची नोंदही त्याच्याच घरी असावी.

ड्रायव्हरमधले दोन रस्ते

पहिला रस्ता मोहक होता. पॅकेट ६० पेक्षा लहान असेल तर चिपकडे देण्यापूर्वीच कर्नलने त्याला शून्यांनी लांबवायचे. कर्नलमध्ये त्यासाठी ‘एसकेबी_पुट_पॅडटू’ हे तयार साधन आहे. चिपने साठपर्यंत बेरीज घेतली तरी शून्ये मिळवून काही बदलत नाही, चेकसम बरोबर येतो आणि ऑफलोडही टिकतो. प्रयोगात हे चाललेही. पण या रस्त्यावर दोन खड्डे आहेत, आणि दोन्ही सहजी दिसत नाहीत. स्मृती न मिळाल्यामुळे लांबवणे फसले तर हे साधन पॅकेट स्वतःच मोकळे करून टाकते; ड्रायव्हरने त्यानंतर त्याला हात लावला किंवा ‘पुन्हा पाठव’ असे वरच्या थराला सांगितले तर मेलेल्या स्मृतीवर पाय पडतो. तेथे फक्त गळलेल्या पॅकेटांची मोजणी वाढवून ‘काम झाले’ असे परत सांगायचे असते. दुसरा खड्डा बाइटांच्या हिशेबाचा. रांगेत किती बाइट घातले आणि किती पूर्ण झाले याचा ताळा कर्नल ठेवतो. घालताना ५६ आणि पूर्ण होताना ६० सांगितले, तर पूर्ण झालेले बाइट घातलेल्यांपेक्षा जास्त भरतात आणि तेथील खबरदारीची तपासणी कर्नलच थांबवते. म्हणून लांबवणे हिशेबाच्या आधी व्हायला हवे, नंतर नाही.

खड्डे चुकवता येतात. तरी आम्ही हा रस्ता सोडला. तो चिपच्या पोटात काय चालते याबद्दलच्या आमच्या अनुमानावर उभा होता. बेरीज साठाव्या बाइटाला थांबते, हे आम्ही बाहेरून ओळखले होते. चिपच्या कोणत्याही उघड कागदपत्रात ते लिहिलेले नव्हते.

दुसरा रस्ता असा : प्रत्येक पॅकेटाच्या वेळी कर्नल ड्रायव्हरला विचारतो की या पॅकेटासाठी तुझ्या कोणत्या सुविधा वापरू? ‘एनडीओ_फीचर्स_चेक’ या नावाने ड्रायव्हरला त्याचे उत्तर देता येते. तेथे दोन अटी घातल्या. चिपची आवृत्ती ती सदोष आवृत्ती असेल आणि पॅकेटाची लांबी ६० पेक्षा कमी असेल, तर चेकसमची सुविधा उत्तरातून वगळायची. मग कर्नल ते पॅकेट ड्रायव्हरकडे देण्याआधीच चेकसम सॉफ्टवेअरमध्ये भरतो, चिप फक्त पॅडिंग जोडते, आणि पॅडिंग ती नीट जोडते हे मिरर पोर्टवर आधीच दिसले होते. साठ बाइटांच्या आतली बेरीज प्रोसेसरला काहीच जड नाही. मोठ्या पॅकेटांचा ऑफलोड आणि टीएसओ दोन्ही अबाधित राहतात. व्हीलॅनची (एकाच तारेवरच्या वेगळ्या आभासी जाळ्याची) ४ बाइटांची खूण चिप नंतर घालते, त्यामुळे खूण असलेल्या पॅकेटांबाबत ही अट गरजेपेक्षा किंचित अधिक पकडते. ते चालण्यासारखे आहे.

कर्नलमध्ये अशा युक्त्या नव्या नाहीत. रिअलटेकच्या चिपांसाठीच्या आर-८१६९ ड्रायव्हरमध्ये काही आवृत्त्यांतील दोषासाठी अगदी याच घाटाची अट आहे, आणि आरटीएल-८१२५ साठी तर कालमेळाच्या पीटीपी प्रणालीच्या ३१९ व ३२० या पोर्टांकडे जाणारी लहान यूडीपी पॅकेटे ओळखून लांबवणारा तुकडा आहे. ब्रॉडकॉमच्या चिपांचा टीजी३ ड्रायव्हर पॅकेटाचा बफर ४ जीबीच्या सीमेवर आडवा पडतो काय हे तपासतो आणि पडत असेल तर पॅकेटाची नवी प्रत करून तीच चिपला देतो. उलट बाजूचे उदाहरण इंटेलच्या आय-२१९ चे. २०१७ मध्ये त्याच्या पाठवणीतील अडकण टाळण्यासाठी ई१०००ई ड्रायव्हरमध्ये चिपच्या एकाच वेळच्या प्रलंबित स्मृति-मागण्या ३ वरून २ वर आणल्या गेल्या. अडकण टळली, पण टीसीपीचा वेग इतका घसरला की पुढे त्या घराण्यातील काही चिपांवर टीएसओच बंद करावा लागला. तो दोष भाराखाली आणि तार काढ-घाल करताना प्रकट होणारा होता, त्याला सतरा-अठरासारखी कड नव्हती, आणि म्हणूनच उपायही रुंद करावा लागला. आमचे नशीब त्या बाबतीत चांगले.

टिपण, चाचणी आणि पुढची खेप

बदल थोड्या ओळींचा, पण त्यावरील टिपणासाठी जास्त वेळ दिला. ‘या आवृत्तीत चेकसम-दोष आहे’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या लांबीपर्यंत, कोणत्या प्रोटोकॉलवर, काय दिसले, बेरजेतला फरक कशाशी जुळला, आणि यातले निरीक्षण कोणते व अनुमान कोणते हे वेगळे मांडले. उत्पादकाचे दोषपत्रक हाती नसताना ड्रायव्हरमधील टिपण हेच दोषपत्रक असते. पुढे ड्रायव्हरची डागडुजी करणाऱ्याला ती अट हलवता येईल की नाही हे त्यावरूनच ठरवावे लागते. सुधारलेला ड्रायव्हर डीकेएमएसने बसवला, म्हणजे कर्नल अद्ययावत झाला तरी मॉड्यूल नव्याने बांधले जाते. यूडेव्हचा नियम त्यानंतर काढला आणि काढल्यावर लांबीची स्क्रिप्ट पुन्हा चालवली, कारण तात्पुरता उपाय चालू ठेवून कायमच्या उपायाची चाचणी घेतली तर दोन्हींतले नेमके कोण काम करते आहे हे कळत नाही. लेखा विभागाच्या विंडोज संगणकावरून फाइल सलग चढली.

एका मुद्द्यावर गटात मतभेद झाला. आवृत्तीची अट ‘ही आवृत्ती’ अशी ठेवायची की ‘ही आणि यापुढच्या सर्व’ अशी? सावधगिरीचे म्हणून दुसरा पर्याय सुचवला गेला. दोष एकदा आला म्हणजे पुढच्या चिपांतही राहील, असा युक्तिवाद होता. मी पहिल्याच्या बाजूने होतो. पाहिलेल्या दोषावर अट घालता येते, कल्पिलेल्या दोषावर घातली तर ती पुढे कधीच तपासली जात नाही. त्याऐवजी लांबीची स्क्रिप्ट खरेदीच्या तपासणीत घातली : नवी खेप आली की गेटवे ग्राहकाकडे जाण्याआधी टेबलावरच शून्य ते चाळीस बाइटांची पॅकेटे सोडायची, पलीकडच्या यंत्रावर चेकसम मोजायचे, आणि एलएसपीसीआयमधील आवृत्ती त्या निकालाशेजारी लिहून ठेवायची. त्यानंतरच्या खेपेत चिपची आणखी पुढची आवृत्ती निघाली. ती अट न लागताच सतराच्या खालीही स्वच्छ उतरली, आणि ड्रायव्हरमधील यादीत एकच आवृत्ती राहिली.